तीन डब्यांचा चार्ज

किसनदाजींचं नाव आधी लिहितो, कारण या प्रवासात गाडी त्यांची होती आणि गाडीशिवाय आणखीही बरंच काही त्यांचंच होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायला मी आळ्याला ताईकडे राहिलो, बारावी होईपर्यंत. त्यांच्या घराला दोनच खोल्या. माझ्या परीक्षेच्या दिवसांत दाजी आतली खोली मला देऊन स्वतः ओट्यावर झोपायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून गप्प करायचे. पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा टोमॅटोच्या क्रेटांवर माझी ट्रंक बांधून त्यांनीच मला नेऊन सोडलं. हॉस्टेलच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. दाजींनी आधी हात शर्टाला पुसले, मग नीट दिसेल असं नाव लिहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "पावणं, आता आपुन शिकल्यालं झालो." आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझा. पण त्या 'आपुन'मधलं दुसरं माणूस कोण, हे मी विसरलेलो नाही. निदान तसं मला वाटत होतं.

दोन हजार सात साल संपत आलं होतं. कंपनी मला कॅनडाला पाठवणार होती. जाण्याआधी मला माझे तीन डबे सांभाळणारी माणसं शोधायची होती.

डबे म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हा खेळ आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. एका डब्यात छोटी वही, पेन्सिल आणि दोनचार किरकोळ वस्तू भरायच्या आणि तो रानात, डोंगरात कुठेतरी दडवायचा. ती जागा पृथ्वीवर नेमकी कुठे आहे याचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. मग कुणीही अनोळखी माणूस जीपीएस यंत्र हातात घेऊन येतो, डबा शोधतो, वहीत नाव लिहितो, एखादी वस्तू घेतो, एखादी ठेवतो आणि डबा जागच्या जागी ठेवून निघून जातो. एवढंच. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे मला हे वेड लागलं. पुण्यात हा नाद असलेले तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी मात्र माझे डबे जुन्नर-आंबेगावात ठेवले. आपला मुलूख जगाने बघावा असं वाटायचं. डबा ठेवणाऱ्याने तो सांभाळायचा असतो. लांब जाणार असाल तर दुसरा माणूस नेमायचा, नाहीतर डबा उचलायचा. पुण्यातल्यांना इतक्या लांब वरचेवर यायला जमेना, म्हणून मी तिथलीच माणसं बघायची ठरवली.

डबे ठेवताना गाडी दाजींचीच होती. पण हा खेळ आहे, असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. पहाटे उठून क्रेट भरणाऱ्या माणसाला, तुम्ही शिकवलेला मुलगा खेळण्यातली मोटार डब्यात घालून दगडाखाली लपवतो, हे कसं सांगायचं? "थोडं काम आहे" एवढंच म्हणालो होतो. हातातलं यंत्र बघून दाजींनी ठरवलं, सर्वे. मी ते खोडलं नाही.

"म्हंजी चार्ज द्यायचाय," या खेपेला दाजी म्हणाले. "बदली झाली का चार्ज द्यावाच लागतो. आमच्या तलाठ्याला पंधरा दिस लागलं व्हतं."

मी मान डोलावली.

बोरी बुद्रुक

आळ्याहून बोरीला जाताना दोन्ही बाजूंना कांद्याची लागवड चाललेली. बायका ओळीने वाकलेल्या, कुणीतरी मोबाईलवर गाणी लावलेली. कुकडीच्या काठाला काळ्या मातीच्या खाली पांढरट राखेचा एक थर दिसतो. कुठल्याशा दूरच्या बेटावरचा ज्वालामुखी फार पूर्वी फुटला, त्याची ती राख आहे म्हणतात. अभ्यासक येतात, चिमूट चिमूट पिशवीत भरून नेतात. इथल्या लोकांना त्याचं फारसं काही वाटत नाही. लहानपणी या राखेने भांडी छान निघतात एवढंच मला ठाऊक होतं.

दाजी मागच्या टायरची हवा बघायला थांबले आणि मी दूध डेअरीत शिरलो. डेअरी चालवतो तो संपत, माझा शाळेतला मित्र. त्याला सगळं खरं सांगितलं, कारण संपतपुढे माझी इज्जत कधीच नव्हती.

"डब्यात काय हाय? सोनं?"

"वही आहे. पेन्सिल. एक मोटार, खेळण्यातली."

"आन् ती बघाया लोकं पुण्यावरनं पेट्रोल जाळून येत्यात?"

"फ्रान्सहूनही एकजण आला होता."

संपतने दुधाचं माप खाली ठेवलं. "तरीच. मागच्या साली एक उंच बाप्या नदीच्या काठाला पालथा पडून दगडाखाली हात घालत व्हता. आमी म्हनलं, खेकडं धरतोय. दोघातिघांनी जाऊन त्याला चांगली जागा बी दाखवली. त्यानं एक खेकडा धरला पन, बरं का."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संपत डबा सांभाळायला लगेच तयार झाला. वही भिजली तर बदलायची, डबा फुटला तर नवा ठेवायचा. "दुधाचा हिशोब ठिवतो, ह्ये काय अवघड हाय?" मग बाहेर दाजींकडे बघत त्याने विचारलं, "दाजींना म्हाईत हाय का, तू खेळतोस त्ये?"

"नाही. आणि तूही बोलू नकोस."

"का रं?"

मी बाहेर टायरशी वाकलेल्या दाजींकडे बघितलं. संपतने पुन्हा माप उचललं. "बरं. नाय बोलत."

ओझर

ओझरला विघ्नहराचं दर्शन घेतल्याशिवाय दाजींची गाडी पुढे जात नाही. दर्शन झालं, नारळाचा तुकडा मिळाला, आणि धरणाच्या फुगवट्याच्या काठाला एका जुन्या भिंतीच्या खबदाडात ठेवलेला दुसरा डबा मी काढला. झाकण उघडलं तर लाल मुंग्या. कुणीतरी अदलाबदलीत पेढा ठेवला होता. मुंग्या मनगटापर्यंत चढल्या, मी हात झटकला आणि पाय घसरून गुडघ्याएवढ्या चिखलात बसलो. दाजींनी मला बाहेर ओढलं आणि आपल्या टोपीने माझी पँट पुसायला लागले. "ऱ्हाऊ द्या दाजी," मी म्हणालो, तरी पुसत राहिले.

जवळच नारळ आणि दूर्वा विकणाऱ्या सुमनबाई हे सगळं बघत होत्या. त्यांनाच विचारायचं मी मनात ठरवलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत दाजी पुढे झाले.

"ह्ये आमचं पावणं. साहेब हायेत. सर्वेला असत्यात. आता फॉरेनला बदली झालीय, तर ह्या डब्याचा चार्ज तुमाला द्यायचाय."

"मला?" सुमनबाई म्हणाल्या. "मला सई सुदिक येत न्हाई."

"सई लागत न्हाई. मुंग्या झाडायच्या निस्त्या."

"पगार?"

"फुकाट. देवाच्या दारात पगार मागती व्हय?"

"मी नारळ बी देवाच्याच दारात इकते," सुमनबाई म्हणाल्या, आणि डबा घेऊन पदराने पुसून त्याच जागी ठेवूनही आल्या. त्या 'साहेब' शब्दाने मी चिखलातल्यापेक्षा जास्त अवघडलो होतो. पण दाजींचा चेहरा इतका फुललेला होता की मी गप्प बसलो. नारायणगावात त्यांनी मला मासवडी खाऊ घातली. बेसनाची वडी, आत तिळा-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. नावात मासा, ताटात नाही. कॅनडात ही मिळणार नाही, म्हणून दाजींनी माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढायला सांगितली आणि मी खाईपर्यंत समोर बघत बसले.

डिंभ्याच्या पाण्याच्या वर

दुसऱ्या दिवशी मंचर, घोडेगाव मागे टाकून आम्ही डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला गेलो. इथे द्राक्ष नाही, ऊस नाही. भात काढून झालेली खाचरं, पेंढ्याच्या उडव्या, उतारावर नाचणीची पिवळी धसकटं. खाली पाणी लांबवर आत शिरलेलं. त्या पाण्याखाली गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात. पहिल्यांदा आलो तेव्हा हा देखावा बघूनच मी तिसरा डबा इथे, एका उंबराखाली ठेवला होता. इंटरनेटवर लिहिलं होतं, 'अप्रतिम दृश्य'.

उंबराच्या खालच्या उतारावर हौसाबाईंची वाडी. नवरा नाही, मुलगा सखाराम आणि त्याचं कुटुंब. त्यांचं जुनं घर पाण्यात गेलं, तेव्हा ते वर येऊन कुडाच्या घरात राहिले. डोंगरातली ही माणसं हिरडा गोळा करतात. दाजी दर हंगामाला तो गाडीत भरून घोडेगावला नेतात, त्यामुळे त्यांची ओळख जुनी.

"या पावणं," हौसाबाई म्हणाल्या. कोरा चहा आला, पाठोपाठ नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि वाफाळता भात. आमच्या आळेफाट्याकडे पाहुण्याला आधी 'कुठलं, कुणाचं' विचारतात आणि मग वाढतात. इथे आधी वाढतात.

गोठ्याच्या कुडाला टेकवून एक सागवानी चौकट उभी होती, गोणपाटात गुंडाळलेली. खालचं गोणपाट कुजून लाकूड उघडं पडलेलं. बाजूला घडवलेल्या दगडांची रास, तिच्यावर वेल चढलेला. एक कोंबडी चौकटीतून आत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली.

"हौसाबाई, दार हाय, घर कुठंय?" दाजी गमतीने म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. दाजींनी नेहमीप्रमाणे माझी ओळख सांगितली. साहेब, फॉरेन, चार्ज. मी उंबराखालून डबा काढून आणून मध्ये ठेवला. सखाराम एकदम उठून उभा राहिला आणि आईकडे बघू लागला.

"मंग आता कधी?" हौसाबाईंनी मला विचारलं.

"काय कधी?"

"पानी."

मी खाली धरणाकडे बघितलं.

"चौकट इचारत व्हतास ना, किसन?" त्या म्हणाल्या. "पयल्या धरणाच्या टायमाला बी असंच झालं. आदी एक मानूस आला, हातात दुर्बिन. मंग दगडं आली, चुना लावल्याली, वर नंबर. मंग पानी आलं. नंबर आला का मागनं पानी येतंच. ह्या डब्यावर बी नंबर हाय. आमी दगूड घडवला व्हता, चौकट आनली व्हती, पाया आखला व्हता. म्हनलं, पुन्हा बांधायचं आन् पुन्हा बुडवायचं, त्ये कशापायी? थांबलो."

डब्यावर मी जागेचे आकडे लिहिले होते. खेळातला रिवाज म्हणून इंग्रजीत एक छापील पट्टीही चिकटवली होती, 'ऑफिशिअल, हलवू नये' अशी.

"मास्तरांनी वाचून दाखवलं," सखाराम म्हणाला. "ऑफिशिअल म्हंजी सरकारी म्हनं. मंग गोरं साहेब बी येऊन गेलं. डबा उघडला, लिवलं, फोटू काढला, पुन्हा व्हता तसा ठिवला. आमी म्हनलं, तपासनी झाली."

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"इचारलं की. हासलं आन् च्याकलेट दिलं."

आमच्याकडे बांधावर कुणी साधी खुंटी ठोकली तरी सगळी भावकी काठ्या घेऊन जमा होते. इथे ही माणसं पोळ्या ठेवतात तसल्या एका डब्यासाठी घर बांधायची थांबली होती आणि त्यांनी डबा जागचा हलवला नव्हता. पावसाळ्यात त्यावर दगड नीट सारून ठेवला होता.

"आन् तुला इचारलं व्हतं मी, किसन," हौसाबाई म्हणाल्या. "हिरडा भरताना. तू म्हनला, सर्वेचंच काम हाय, आमच्या सायबाला समदं म्हाईत असतंय."

दाजी माझ्याकडे बघू लागले.

"मावशी, पाणी येणार नाही," मी म्हणालो. "हा डबा सरकारी नाही."

"मंग? कंपनीचा?" सखारामने विचारलं.

"नाही. तो..." पुढचा शब्द 'खेळ'. तो एवढासा शब्द माझ्या तोंडून बाहेर येईना. समोर चौकट होती.

दाजींनी डबा ओढून घेतला, झाकण काढलं. वही, पेन्सिल, मोटार. त्यांनी मोटार तळहातावर घेतली, अंगठ्याने तिचं चाक फिरवलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"माझं चुकलं, हौसाबाई," ते म्हणाले. "पावण्यांनी मला पयल्याच दिशी सांगितलं व्हतं, ही निस्ती गंमत हाय, शिकल्याल्या पोरांचा खेळ. माझ्याच डोक्यात सर्वे बसला. मीच मोठेपना करायला समद्यांना सांगत सुटलो."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मी तसाच धरून बसलो. मी बोलायला हवं होतं, आणि त्या वेळी दोन शब्द पुरले असते.

"खेळ," हौसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "किसन, दर साली आमचा हिरडा तुझ्या गाडीत भरला. काट्याला बी कदी आलो न्हाई, तू सांगशील त्ये वजन. आन् तू मोठेपना केला व्हय."

"चुकलं."

"औंदा हिरडा दुसऱ्याच्या गाडीनं जाईल."

"बरं," दाजी म्हणाले.

हौसाबाईंनी टोपलीतली दुसरी भाकरी काढली आणि माझ्या ताटात ठेवली. "तुमी खावा. तुमचा काय दोस?"

ती भाकरी मी खाल्ली. ताट टाकून उठलो असतो तर निदान कुणाला काही कळलं तरी असतं.

परत येताना डबा गाडीच्या काचेपाशी होता आणि वळणावळणाला घरंगळत होता. घोडेगाव आलं. चहाच्या टपरीपाशी दाजींनी गाडी थांबवली, तरी दार उघडेनात. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "ह्ये हुडकायचं कसं असतंय? यंत्रात बघून?"

"हो."

"आन् सापडला का नाव लिवायचं?"

"हो."

"मला बी सांगायचं ना, राव," दाजी म्हणाले. "मी बी खेळलो असतो."

मग उतरून त्यांनी दोन चहा सांगितले, एकात साखर कमी. तो माझा.

विमानाला अजून आठवडा होता. वाडीवर एकट्याने जाऊन येता आलं असतं, घोडेगावहून एसटी आहे. मी पुण्यात बॅगांचं वजन करत बसलो. कॅनडाला पोचल्यावर इंटरनेटवर तिसऱ्या डब्यापुढे 'बंद' लिहिलं. त्यानंतर दाजींना हे पत्र पाठवलं.

पत्र

श्री. किसनदाजी यांस, साष्टांग नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, कारण हे तुम्हाला मोठ्याने वाचायचं आहे. घरी नाही. वर वाडीवर जाऊन, हौसाबाई आणि सखाराम दोघंही असताना. पुढचा मजकूर त्यांच्यासाठी आहे.

हौसाबाई, किसनदाजींनी त्या दिवशी तुम्हाला खोटं सांगितलं. डबा हा खेळ आहे हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मला त्यांच्यापुढे साहेब दिसायचं होतं. ते सर्वे म्हणाले, कारण मी त्यांना तसं समजू दिलं. तुमच्या रानात डबा ठेवताना मी तुम्हालाही विचारलं नाही. त्यांनी दोष स्वतःवर घेतला तेव्हा मी तुमची भाकरी हातात धरून गप्प बसलो. तुम्ही विचारलंत, तुमचा काय दोष. सगळा माझाच होता. त्या डब्याचा सरकारशी काही संबंध नव्हता, त्यावरचे आकडे मीच लिहिले होते. माझ्या डब्यासाठी थांबला असाल तर आता थांबू नका. हिरडा कुणाच्या गाडीत भरायचा ते तुम्ही ठरवा, पण माझ्या वागण्याची शिक्षा दाजींच्या गाडीला देऊ नका.

दाजी, इथपर्यंत वाचा. मध्ये काही गाळू नका. तुम्ही गाळाल हे मला माहीत आहे, म्हणून वाचून झालं की कागद सखारामच्या हातात द्या. त्याला मराठी वाचता येतं.

आता तुमच्यासाठी. माझं यंत्र मी निघताना ताईच्या फडताळात, वरच्या कप्प्यात ठेवलं आहे. तेव्हाही तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. बोरीच्या डब्याचे आकडे त्यात भरलेले आहेत. हिरवं बटण दाबलं की बाण दिसतो, बाणाच्या दिशेने चालायचं. संपतला बरोबर नेऊ नका, तो जागा सांगून टाकेल. सापडला की वहीत नाव लिहा, हॉस्टेलच्या फॉर्मवर लिहिलं होतं तसं, नीट दिसेल असं.

पण आधी वाडीवर जाऊन या. हौसाबाई काय म्हणाल्या ते कळवा. काही म्हणाल्या नाहीत, तर तेही कळवा.

तुमचा
पावणा